एल आल्बेर्तो: परदेशी गेलेल्या गावाचं पर्यटन

परदेशी गेलेल्यांनी आपल्या गरीब प्रदेशाच्या पर्यटनाला हातभार कसा लावावा, असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. पैसा पाठवा, ओळखी वापरा, सुट्टीला येताना चार मित्र घेऊन या. यात चूक काही नाही. पण या वाटेने गेलेल्या बऱ्याच गावांत शेवटी चौकातली एक कमान, चर्चला दिलेला नवा रंग आणि उन्हाने विटलेला स्वागताचा फलक एवढंच उरतं. मेक्सिकोतल्या एल आल्बेर्तो गावात वेगळं घडलं. तिथे परदेशी गेलेल्यांनी पैसा दिलाच, पण मुख्य दिलं ते आयुष्यातलं अख्खं वर्ष, आणि गावाने ते विनवण्या करून नाही, हक्काने घेतलं. या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट माझ्या मते हीच. ज्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे तो कार्यक्रम, म्हणजे पर्यटकांना रात्रीच्या अंधारात खोटी सीमा ओलांडायला लावणारी सफर, या गोष्टीपुढे दुय्यम आहे.

खोरं आणि गाव

इदाल्गो राज्य मेक्सिको सिटीच्या उत्तरेला आहे. राजधानीतून गाडीने निघालं की सुमारे तीन तासांत इस्मिकिल्पान हे तालुक्याचं गाव येतं. एल आल्बेर्तो याच तालुक्यात, तुला नदीच्या काठी. भोवतालच्या मेस्किताल खोऱ्यात पाऊस बेताचा, जमीन चुनखडीची. निवडुंग, घायपात आणि ज्याच्यावरून खोऱ्याला नाव पडलं ते मेस्कीटचं काटेरी झाड, एवढंच आपसूक उगवतं. मेक्सिकोत गरिबीचं उदाहरण द्यायचं झालं की विसाव्या शतकात हमखास या खोऱ्याचं नाव निघायचं.

खोऱ्याच्या काही भागात मात्र हिरवीगार शेती दिसते. ते पाणी राजधानीचं सांडपाणी आहे. मेक्सिको सिटीने शतकाहून अधिक काळ आपली गटारं या दिशेला सोडली आणि त्यावर मका, लसूणघास यांचे मळे उभे राहिले. सांडपाण्यावर शेती होणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी हे एक. कालव्याच्या अलीकडे हिरवं, पलीकडे धूळ. राजधानीने या खोऱ्याला काय दिलं, याचा हिशोब मांडताना ही गोष्ट विसरता येत नाही.

इथले मूळ रहिवासी स्वतःला ह्न्याह्न्यू म्हणवतात; बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव ओतोमी. त्यांची भाषा स्पॅनिशहून पूर्ण वेगळी आणि आजही बोलली जाणारी. पुरुष मजुरीला बाहेर, बायका घायपाताच्या पानांतून धागा काढून कातणाऱ्या, असा जुना संसार. या धाग्याच्या अंग घासण्याच्या घासण्या खोऱ्यातल्या बायकांच्या एका सहकारी संस्थेने बॉडी शॉप या ब्रिटनच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला पुरवल्या. चांगलं काम होतं, पण त्या मिळकतीवर तरुण पोरं गावात थांबतील एवढं मोठं नव्हतं.

पोरं थांबली नाहीतच. इदाल्गो हे काही अमेरिकेला माणसं पाठवणारं जुनं राज्य नव्हे. झाकातेकास, मिचोआकान, हालिस्को यांची परंपरा कितीतरी जुनी. इदाल्गोतून लोंढा निघाला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि त्याहून जास्त १९९० च्या दशकात, विशेषतः १९९४ च्या डिसेंबरात पेसो हे मेक्सिकोचं चलन कोसळल्यावर. एल आल्बेर्तोची माणसं मुख्यतः अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या लास वेगासला गेली. शहर झपाट्याने वाढत होतं, बांधकामावर हात हवे होते. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने भावाला. काही वर्षांत अशी वेळ आली की गावातली कामकरी वयाची बहुतेक माणसं नेवाडात आणि गावात म्हातारे, मुलं, बायका.

इथे एक तारीख महत्त्वाची आहे. अमेरिकेने १९८६ साली कायदा करून सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कागदपत्रं दिली. मुख्य अट अशी की माणूस १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून अमेरिकेत असायला हवा. म्हणजे जुन्या राज्यांतली माणसं कायदेशीर झाली, तर उशिरा निघालेल्या इदाल्गोची माणसं बाहेरच राहिली. परदेशस्थांकडून अपेक्षा ठेवताना ते तिथे कोणत्या दर्जाने राहतात हे आधी विचारावं लागतं. वाट्टेल तेव्हा विमानात बसून येणारा आणि एकदा आला की परत जाण्यासाठी जिवावर उदार व्हावं लागणारा, हे दोघे गावासाठी सारखं काम करू शकत नाहीत. या प्रकरणाचं पुढचं सगळं वळण याच एका फरकावर आहे.

पाळीचं वर्ष

एल आल्बेर्तोचा कारभार गावसभा पाहते. जमीन आणि पाणी गावाच्या मालकीचं. सभासद असलेल्या प्रत्येक घराला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक, श्रमदान: रस्ता, शाळा, पाण्याची वाहिनी, जे काम निघेल त्याला हात लावायचा. दुसरी, पाळी: ठरावीक काळाने वर्षभर बिनपगारी गावाचं काम करायचं. कोणी पाणीवाटप बघतो, कोणी शाळेची समिती, कोणी गावची राखण. असली व्यवस्था मेक्सिकोतल्या बऱ्याच आदिवासी गावांत आहे आणि ती नुसती भावनेवर चालत नाही. जो पाळी टाळतो त्याचा गावातला हक्क ढिला होतो: पाणी, जमीन, आणि या खोऱ्यात सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे गावच्या दफनभूमीतली जागा.

माणसं अमेरिकेला जायला लागली तेव्हा अशा गावांसमोर सरळ प्रश्न आला. गेलेल्याला सभासद मानायचं की नाही? एल आल्बेर्तोने मानायचं ठरवलं, पण सवलत दिली नाही. लास वेगासला असलास तरी तुझी पाळी तुझीच. ये आणि वर्ष भर. नाहीतर घरच्या कुणाला उभं कर, वर्गणी दे. बरेच जण खरोखर आले. पगाराची नोकरी सोडून, वर्षभर गावात बिनपगारी काम करून, पुन्हा सीमा ओलांडून गेले. हिशोबी माणसाला हे वेडेपण वाटेल. पण ज्याला परक्या देशात कोणतंच नागरिकत्व नाही, त्याला जिथे आहे तिथलं टिकवणं किती मोलाचं वाटत असेल, हे लक्षात घेतलं की त्यात वेडेपण दिसत नाही.

पर्यटन उभं राहिलं ते याच व्यवस्थेच्या पायावर. गावच्या हद्दीत गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्याचे तलाव बांधून गावाने मौजमजेचं ठिकाण सुरू केलं. पुढे नदीत होड्या, दरीवरून दोरावर सरकणं, कड्यावरून दोराने उतरणं, मुक्कामाला खोल्या असं वाढत गेलं. त्याला पार्के एकोआल्बेर्तो नाव पडलं. पैसा तीन वाटांनी आला: गावची वर्गणी, परदेशातून येणारा पैसा, आणि आदिवासी विकासाचं सरकारी अनुदान. ते चालवायला माणसं मात्र एकाच वाटेने आली, पाळीच्या. तिकीट फाडणारा, तलाव धुणारा, होडी वल्हवणारा, स्वयंपाकघरात राबणारी बाई, यांतले बरेच त्या वर्षीचे पाळीकर.

गरीब भागातलं पर्यटन साधारणपणे कुठे मरतं? तलाव बांधायला पैसा मिळतो. उद्घाटन होतं. पुढच्या वर्षी तलाव धुवायला, पंप दुरुस्त करायला, फाटक उघडायला पैसा नसतो. परदेशस्थांच्या देणग्यांना हीच खोड असते, त्या उभारणीला मिळतात, चालवणुकीला मिळत नाहीत. आपल्या नावाची पाटी लागेल अशा भिंतीला माणूस हजार डॉलर देतो, पण झाडूवाल्याच्या पगाराला कोणी देत नाही. एल आल्बेर्तोने चालवणुकीचा खर्चच पाळीत घातला. मला विचाराल तर या प्रकरणातला खरा शोध हा आहे, आणि तो लावला कुणी सल्लागाराने नाही.

खोटी सीमा

खोऱ्यात गरम पाण्याची ठिकाणं मात्र पैशाला पासरी. एकट्या इस्मिकिल्पानच्या परिसरात अशी बरीच, आणि शेजारच्या कार्दोनाल तालुक्यात तोलांतोंगोची गुहा आणि डोंगरउतारावरची निळ्या पाण्याची कुंडं, जी आज देशभर गाजलेली. तोलांतोंगोसुद्धा स्थानिक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनेच चालवलेलं आहे. म्हणजे गावाची मालकी ही एल आल्बेर्तोची मक्तेदारी नव्हे. एल आल्बेर्तोकडे मात्र तोलांतोंगोसारखा निसर्गाचा चमत्कार नव्हता. मग त्यांच्याकडे असं काय होतं, जे शेजारच्या तलावाकडे नव्हतं?

गावातल्या जवळपास प्रत्येक घरात सीमा ओलांडलेला माणूस होता. २००४ साली गावाने तेच विकायला काढलं. नाव ठेवलं ‘कामिनाता नोक्तुर्ना’, रात्रीची पायपीट.

संध्याकाळ उलटली की पर्यटक जमतात. बहुतेक मेक्सिको सिटी आणि आसपासच्या शहरांतले, विद्यार्थी, कुटुंबं, कचेरीतले गट. तोंडावर काळी लोकरी टोपी ओढलेला वाटाड्या पुढे येतो. तो भाषण देतो: आपण कोण, इथली माणसं का जातात, जाताना काय सोसतात. राष्ट्रगीत होतं. मग चालायचं, आणि लगेच पळायचं. मक्याच्या शेतातून, काट्याकुट्यांतून, नदीकाठच्या चिखलातून, रस्त्याखालच्या पाइपातून गुडघ्यांवर. पाठीमागे सायरन, गाड्यांचे झोत. अमेरिकी सीमा पोलिसांचा गणवेश घातलेली गावातलीच पोरं भोंग्यावरून धमकावतात, आम्ही तुम्हाला पाहिलंय, बाहेर या. वाटाड्या खाली झोपा म्हणून खेकसतो. राजधानीतला पांढरपेशा तरुण, ज्याने गावातल्या माणसाला आजवर फक्त बांधकामावर किंवा मोलकरणीच्या रूपात पाहिलं, तो चिखलात तोंड खाली करून पडलेला असतो आणि त्याच माणसाच्या हुकुमाची वाट पाहतो. सफर तीन-चार तास चालते. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून सगळ्यांना दरीत नेतात. पट्टी काढली की दोन्ही बाजूंच्या कड्यांवर शेकडो मशाली पेटलेल्या दिसतात, वाटेत मेलेल्यांच्या आणि दूर गेलेल्यांच्या नावाने.

अ‍ॅरिझोनाची खरी सीमा इथून सरळ रेषेतही दीड हजार किलोमीटरहून लांब आहे.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली आणि अपेक्षेप्रमाणे दोन आरोप झाले. पहिला अमेरिकेतून: ही तर बेकायदा घुसखोरीची शिकवणी. हा आरोप मला पोकळ वाटतो. ज्याला खरंच जायचंय त्याला शेजारचा चुलतभाऊ फुकटात सगळं सांगतो. त्यासाठी तो तिकीट काढून राजधानीच्या पोरांबरोबर कशाला पळेल? गावाचं म्हणणं उलट आहे: जाणं किती वाईट असतं हे कळावं आणि इथेच रोजगार व्हावा, म्हणून हे करतो.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. लोकांच्या यातनांचा तमाशा मांडला, असा. सीमेवरच्या सोनोराच्या वाळवंटात माणसं तहानेने मरतात आणि इथे लोक तसं मरण्याचा खेळ खेळून रात्री गरम पाण्यात डुंबायला जातात. हे खुपणारं आहे, नाकारता येत नाही. तरी एक फरक पाहावा लागतो. दुसऱ्याच्या दुःखाचा बाजार बाहेरचा ठेकेदार मांडतो तेव्हा दुःखी माणसाला त्यात दगडासारखं बसवलं जातं. इथे संहिता लिहिणारा, पोलीस होणारा, पैसे घेऊन सीमा ओलांडून देणारा दलाल होणारा, हिशोब ठेवणारा, सगळे तेच लोक ज्यांच्यावर हे गुदरलं. काय दाखवायचं आणि काय नाही, हेही तेच ठरवतात. वाळवंटातली बलात्काराची भीती, दलालाने अर्ध्यात सोडून देणं, कुजलेली प्रेतं यांतलं बरंचसं सफरीत येत नाही. भाषणात येतं तेवढंच. जे सांगायचं नाही ते न सांगण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याला आपल्या दुःखाचा मालक म्हणता येतं.

परदेशस्थांच्या बाजूने पाहिलं तर ही सफर म्हणजे त्यांनी दिलेलं सर्वांत मोठं भांडवल. त्याला पैसे पडले नाहीत. तिकडून आणलेला अनुभव, तिकडच्या पोलिसांची ढब, तिकडून शिकलेलं बांधकाम, हे सगळं पाळीच्या वर्षात गावात उतरलं. परदेशी गेलेल्याचं ज्ञान मायभूमीच्या कामी यावं, असं भाषणांत नेहमी म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर, अभियंते, गुंतवणूकदार असतात. इथे छप्पर घालणाऱ्या मजुराचं ज्ञान कामी आलं.

सरकारचा पर्याय

याच काळात मेक्सिकोच्या सरकारकडे परदेशस्थांसाठी एक गाजलेली योजना होती. झाकातेकास राज्यातल्या स्थलांतरितांच्या मंडळांनी लॉस अँजेलिस, शिकागो इथे वर्गण्या काढून गावात कामं सुरू केली. पुढे राज्याने त्यात आपला वाटा घालायला सुरुवात केली. २००२ मध्ये ती देशभरची योजना झाली. नाव ‘तीनास एक’. परदेशस्थ मंडळाने एक पेसो दिला की नगरपालिका, राज्य आणि केंद्र प्रत्येकी एक देणार.

कागदावर याहून सुंदर योजना सुचणं कठीण. रस्ते झाले, पाण्याच्या योजना झाल्या, चौक आणि चर्च सजले. पण दोन गोष्टी पुढे आल्या. एक, जिथे मंडळं मजबूत तिथेच पैसा गेला, आणि मंडळं मजबूत असतात ती जुनं, स्थिरावलेलं स्थलांतर असलेल्या, म्हणजे तुलनेने बऱ्या स्थितीतल्या गावांची. सर्वांत गरीब गावांकडे एक पेसो काढायलाही संघटना नव्हती. दोन, कामं बहुतांशी दिसणारी होती. पोटापाण्याचा धंदा उभा करणारी कमी. पर्यटनाच्या नावाने चौक सजला, पण त्या चौकात येणाऱ्याला दिवसभर करायचं काय, याचं उत्तर मंडळाकडे नव्हतं, कारण ते हजारो मैलांवरून नेहमी जुन्या आठवणींसाठी बांधत होतं, पाहुण्यांसाठी नाही. पुढे सरकार बदललं, नव्या सरकारने मध्यस्थ संघटनांमार्फत पैसा देणं बंद करण्याचं धोरण धरलं आणि २०२० च्या अंदाजपत्रकात योजनेला पैसाच ठेवला नाही.

परदेशातून घराघरात येणारा पैसा मात्र वाढतच राहिला. २०२३ मध्ये मेक्सिकोत असा ६० अब्ज डॉलरहून जास्त पैसा आला. तो किराण्यात, औषधात, पक्क्या घरात जातो आणि तिथेच जायला हवा. त्यातून गावाचा उद्योग आपोआप उगवेल, ही अपेक्षा चुकीची आहे. वेगळी रचना नसेल तर उगवत नाही.

स्थलांतर थांबलं का?

गावाने जाहीर केलेला हेतू पोरांना गावात थांबवण्याचा. तो साधला का? थोडक्यात, नाही, आणि जे साधल्यासारखं दिसतं त्याचं श्रेय सफरीला देता येत नाही. २००७ नंतर अमेरिकेतला घरबांधणीचा फुगा फुटला. लास वेगास त्यात सर्वांत वाईट होरपळलेल्या शहरांपैकी. २०१० मध्ये नेवाडातली बेरोजगारी १३ टक्क्यांच्या वर गेली. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २००९ ते २०१४ या काळात सुमारे १० लाख लोक अमेरिकेतून मेक्सिकोला परतले आणि सुमारे ८ लाख ७० हजार तिकडे गेले. म्हणजे ओघ उलटा झाला. त्या काळात एल आल्बेर्तोतून जाणारे घटले असतील तर त्याचं कारण लास वेगासच्या अर्धवट इमारतींत होतं.

अडचण रचनेतच आहे. पाळीचं काम बिनपगारी. ठिकाण चाललं, नफा गावाच्या तिजोरीत आला, त्यातून रस्ते, दिवे, नव्या सोयी झाल्या, तरी पाळीकराच्या चुलीसाठी पैसा लागतोच. तो कुठून येतो? बऱ्याचदा लास वेगासच्या भावाकडून. म्हणजे स्थलांतर थांबवण्यासाठी उभारलेलं ठिकाण स्थलांतराच्याच पैशावर तग धरून. गावाने हे लपवलं नाही, पण जे लोक या प्रकरणाला आदर्श म्हणून मिरवतात ते एवढं सांगायला विसरतात. काही कामं पगारी करणं, निदान कायम चालणाऱ्या जबाबदाऱ्या, हा त्यावरचा उपाय आहे. तो केला की दुसरा प्रश्न येतो: पगार कुणाला आणि पाळी कुणाला? सगळे सारखे राबतात, यावर टिकलेली शिस्त तिथे ढासळायला लागते. हा पेच सोपा नाही, आणि ज्या कुणाला हे प्रारूप उचलायचं असेल त्याला पहिल्या दिवसापासून तो सोडवावा लागेल.

सीमा कडक झाली तेव्हा

यापेक्षा खोल भेग दुसरीकडून पडली. १९९४ मध्ये अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या सान दिएगोजवळ बंदोबस्त वाढवला, त्याच्या आदल्या वर्षी टेक्ससच्या एल पासोत तेच झालं होतं. शहरांजवळचे सोपे रस्ते बंद झाले आणि वाट वाळवंटात गेली. दलालांचे दर वाढले, मरणारे वाढले. पण लोक जायचे थांबले नाहीत, परतायचे थांबले. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं: कडक सीमेने येण्याजाण्याचं चक्र मोडलं आणि हंगामी मजुराला कायमचा रहिवासी करून टाकलं.

पाळीच्या व्यवस्थेसाठी याचा अर्थ काय, हे उघड आहे. जुन्या काळी वर्षभर गावात काम करून पुन्हा जाणं अवघड पण जमण्यासारखं होतं. आता पाळीला येणं म्हणजे परतताना हजारो डॉलर दलालाला देणं, वाळवंटात जीव टांगणं, आणि पकडलं गेलं तर वर्षानुवर्षांचा संसार तिकडे सोडून इथे अडकणं. ज्याची पोरं लास वेगासच्या शाळेत शिकतात तो हे करणार नाही. तो पैसे देईल, भावाला उभं करेल, किंवा गप्प बसेल. त्यामुळे गावाला माणसाऐवजी पैसा मिळू लागतो, आणि एल आल्बेर्तोचं वैशिष्ट्यच जे होतं ते इतर हजार गावांसारखं होत जातं. पर्यटकांसाठी उभारलेल्या खोट्या सीमेपेक्षा खरी सीमा या ठिकाणाच्या मुळावर जास्त आली आहे.

याची तुलना आयर्लंडशी करण्यासारखी आहे. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने ‘द गॅदरिंग’ नावाने वर्षभर जगातल्या आयरिश वंशाच्या लोकांना घरी बोलावलं. कुळांचे मेळावे, गावजत्रा, शाळांची स्नेहसंमेलनं मिळून सुमारे ५,००० कार्यक्रम झाले, आणि त्यांतले बहुसंख्य सरकारने नाही तर गावांनी, कुटुंबांनी भरवले. अभिनेता गेब्रियल बर्न याने आधीच जाहीर टीका केली होती की परदेशस्थांचे खिसे रिकामे करण्याचा हा डाव आहे, एरवी त्यांची आठवण कुणाला येते? टीका झोंबली, पण माणसं आली. ती येऊ शकली कारण बॉस्टनच्या आयरिश नातवाला अडवणारी गोष्ट फक्त विमानाचं भाडं. लास वेगासच्या ओतोमी मजुराला बोलावणं पाठवून उपयोग नाही. तो आला तर परत जाऊ शकत नाही. आयर्लंडचं प्रारूप उचलून इदाल्गोत लावायचं सुचवणाऱ्या अहवालांनी आधी पासपोर्ट तपासावेत.

दुसरी पिढी

मग उरतं कोण? लास वेगासमध्ये जन्मलेली मुलं. ती अमेरिकी नागरिक आहेत, त्यांना सीमेची भीती नाही, हवं तेव्हा येऊन जाऊ शकतात. नाताळात आणि गावच्या जत्रेला ती येतातही, खर्च करतात, फोटो काढतात. इंग्रजी त्यांची मायबोली, ओतोमी कानावरची. गावाला परदेशी पर्यटक हवे असतील तर भाषा, समाजमाध्यमं, बाहेरच्या माणसाला काय रुचतं याची समज, हे सगळं त्यांच्याकडे आहे. फक्त पाळी त्यांच्याकडे नाही. त्यांच्या आईबापांवर पाण्याची, जमिनीची, दफनाच्या जागेची जी पकड होती, ती त्यांच्यावर चालत नाही. नेवाडात वाढलेल्या वीस वर्षांच्या मुलीला गावची दफनभूमी गमावण्याची भीती दाखवून कोणी वर्षभर तलाव धुवायला लावू शकत नाही.

गावसभेपुढे दोन वाटा दिसतात. या मुलांना पाहुणे मानायचं, आल्यावर तिकीट घ्यायचं, खूश ठेवायचं. ही वाट सोपी आहे आणि त्यात दरवर्षी थोडं उत्पन्नही आहे. दुसरी वाट पाळीच लहान करण्याची: वर्षाऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीतले दोन महिने, झाडूऐवजी संकेतस्थळ, परदेशी गटांची वाटाडेगिरी, आरक्षणाचा हिशोब, आणि बदल्यात गावसभेत मत. मत हा यातला कळीचा भाग आहे. त्यांच्या आजोबांनी बिनपगारी राबणं पत्करलं ते धाकामुळे जेवढं, तेवढंच गावाच्या निर्णयात आपला हात असतो म्हणून. मताशिवाय नुसतं काम मागितलं तर दुसऱ्या पिढीतले काही दयाळूपणे एकदा येतील आणि पुन्हा येणार नाहीत. आणि मत द्यायचं तर वर्षभर इथेच राबणाऱ्यांना विचारावं लागेल, की दोन महिने येणाऱ्याचा शब्द आपल्या बरोबरीचा मानायला ते तयार आहेत का. अमेरिकेतून आलेल्या कुणा हितचिंतकाला हा ठराव मांडता येणार नाही. तो गावसभेतच यावा लागेल, आणि त्यावर भांडणही तिथेच व्हावं लागेल.